खिंडार पाडणारा कोयता

मी एक जुना कोयता आहे. मागे सरकू नका, मित्रांनो. माझी धार आता कोणाला लागणार नाही. मला जाड कापडी पिशवीत घालून तिचं तोंड शिवून टाकलंय आणि वर लाखेचा लाल शिक्का मारलाय. वनखात्याच्या कपाटात मी पडून असतो. गोष्ट थोडी कठीण आहे, तेव्हा ऐकताना एकमेकांना चिकटून बसा.

पनवेलच्या एका लोहाराने मला ट्रकच्या तुटक्या पाट्यातून घडवलं. लालभडक होईपर्यंत भाजलं, हातोड्याने बडवलं आणि तापलेलं असतानाच गार पाण्यात बुडवलं. तेव्हा मी जे ओरडलो, ते अजून आठवतं. मग मला खैराची मूठ बसवली आणि बाजारात मांडलं. तिथे चंद्रावतीने मला उचलून दोनदा हवेत फिरवलं.

"हलका हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "ह्योच घ्या. तुमच्यासारखा जड नको."

काशिराम हसला. तो तसा कमी हसायचा.

त्यांचं घर चिरनेरच्या पुढे, डोंगराला टेकून होतं. बारा वर्षं मी चंद्रावतीच्या कमरेला, पाठीमागच्या लाकडी आकडीत अडकून हिंडलो. चुलीसाठी फाटी तोडली, गुरांना गवत कापलं, पावसाळ्यात वाटेवरची झुडपं साफ केली. संध्याकाळी ती मला पुसायची, खोबरेल तेलाचं बोट पात्यावरून फिरवायची आणि शेजारणींना सांगायची, "माझा कोयता म्हंजे माझा तिसरा हात." असं कौतुक ऐकलं की लोखंडालाही ऊब येते, मित्रांनो.

काशिरामकडे आणखी एक जुनी वस्तू होती, ठासणीची बंदूक. पिकाच्या राखणीसाठी सरकारने तिचा परवाना दिलेला. रानडुकरं भातात शिरली की काशिराम आकाशाकडे बार काढायचा. आवाज झाला की डुकरं पळायची. एवढंच तिचं काम.

मग परेश आला. खांदा कॉलनीत त्याचं मोठं ऑफिस होतं. काशिरामच्या शेताला लागून, डोंगराच्या बाजूचा तुकडा त्याने विकत घेतला होता. रविवारी तो गाडी घेऊन यायचा आणि ओटीवर बसायचा.

"काका, इथे भेकर येतं का हो?"

"आधी येत व्हता. आता वर कोन काय पिकवतंय? खायाला नाय तर येल कशाला?"

परेशने डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाला, "मग खायला लावू की. जमीन माझी, बंदूक तुमची."

भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात, हे आमच्याकडचं लहान मूलही सांगेल. त्या तुकड्यात वाल पेरला. चंद्रावतीने स्वतःच्या हाताने दाणे टाकले. तिला वाटलं, पडीक जमीन हिरवी होतेय, चांगलंच आहे. मिठागरातून आणलेले मिठाचे खडे परेशने एका झाडाच्या बुंध्याशी ठेवले. भेकर म्हणजे लहानखुरं हरीण, त्याला मीठ आवडतं. आणि मला काशिरामच्या हाती दिलं. मी करवंदीच्या काटेरी फांद्या तोडल्या. तीन बाजूंना त्यांचं दाट कुंपण झालं. चौथ्या बाजूला, जंगलाकडे, मी एक खिंडार पाडलं, एक जनावर नीट आत येईल एवढं. खिंडारासमोरच्या झाडावर मचाण बांधलं.

काम सुबक झालं. परेशने माझ्या पात्यावर टिचकी मारली. "एक नंबर कोयता आहे, काका." मी खूश झालो. तीच माझी चूक. कशासाठी कौतुक होतंय, हे मी विचारलंच नाही.

वालाला फुलं आली, कोवळ्या शेंगा धरल्या. एका पहाटे भेकराची मादी त्या खिंडारातून आत आली. ती भिऊन भिऊन खात होती. एक शेंग तोडायची आणि मान वर करायची. बार झाला. ती पडली, पण मेली नाही. मागचे पाय मोडले होते, पुढच्या पायांनी ती खिंडाराकडे सरपटत निघाली. तान्ह्या बाळासारखी ओरडत होती. काशिरामने मला तिच्या गळ्यावरून ओढलं. गरम रक्त माझ्या मुठीपर्यंत चढलं. पोट फाडलं तेव्हा आत एक पाडस होतं. त्याच्या अंगावर ठिपके आले होते. ते दोनदा हललं आणि थांबलं.

चंद्रावती कळशी घेऊन धावत आली होती. तिने सगळं पाहिलं.

"काकू, आज आमच्या पानात भेकर आणि तुमच्या हातचं वालाचं बिरडं," परेश म्हणाला.

"वाल खायाला आलेल्याला तू पानात वाढतस," ती म्हणाली. "उद्या तू माझा वाल खायाला आलास की तुला काय करू?"

मग ती नवऱ्याकडे वळली. "बंदूक पिकाच्या राखणीची व्हती. तुमी बंदुकीसाठी पीक लावलात. ते खिंडार बुजवा."

खिंडार तसंच राहिलं. पुढच्या पंधरवड्यात आणखी दोन भेकरं मेली. मला कोणी पुसलं नाही. मी रक्ताने काळा होऊन गोठ्यात पडलो.

एका संध्याकाळी काशिराम सुकापूरला जातो सांगून परेशच्या गाडीत बसला. चंद्रावतीने मला उचललं, दगडावर घासलं आणि वर निघाली. तिला तो वाल कापून टाकायचा होता आणि काटे टाकून खिंडार बंद करायचं होतं. ती वाकून वेल कापू लागली. आम्ही दोघं भरभर चाललो होतो. किती दिवसांनी माझ्या पात्याला हिरवा वास लागत होता.

काशिराम आणि परेश वरच्या रस्त्याने परतून चोरपावलांनी मचाणावर चढले, हे आम्हाला कळलंच नाही. अंधारून आलं होतं. वाल हलताना दिसला.

"काका, मारा," परेश कुजबुजला.

छर्रे तिच्या उजव्या हातात आणि खांद्यात घुसले. काही माझ्यावर आदळले, मूठ फुटली. तिची तीन बोटं मुठीच्या ढलप्यासकट उडाली. ती ओरडली तेव्हा काशिरामने आवाज ओळखला आणि झाडावरून अक्षरशः खाली पडला.

परेशने आधी मला शोधलं. तिच्या रक्तात लोळवलं आणि गाडीत टाकलं. "काका, ऐका. कोयता लागला असं सांगायचं. नाहीतर तुम्ही आत जाल."

पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टर अल्फिया होत्या. परेशने मला त्यांच्यासमोर धरलं. "गवत कापताना पडल्या. हा बघा, हाच लागला."

डॉक्टरांनी खांद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "चाची, कोयत्याने अशी भोकं पडतात?"

चंद्रावतीने नवऱ्याकडे पाहिलं. खरं बोलली असती तर नवरा तुरुंगात जाणार होता. खोटं बोलली असती तर ते खिंडार उघडं राहणार होतं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"यांनाच इचारा," ती म्हणाली.

काशिराम भिंतीला धरून उभा होता. "कोयता नाय लागला, डाक्टरबाय," तो म्हणाला. "बार माझा हाय. भेकरांवरचे पन माझेच. वाल यानं लावला, मी राखला."

परेश बाहेर निघाला, पण दारात लोक जमले होते. त्यांनी त्याला जाऊ दिलं नाही.

काशिराम आणि परेश दोघंही आत गेले. बंदूक जप्त झाली. मीही झालो.

गेल्या महिन्यात चंद्रावती मला ओळखायला इथे आली. वनरक्षक बाईंनी पिशवी टेबलावर ठेवली, जुना शिक्का तोडून मला बाहेर काढलं.

"हाच का, मावशी?"

"ह्योच." डाव्या हाताने तिने माझ्या मुठीची फट चाचपली. "गंज चढलाय. तेलाचं बोट लावू काय?"

"नाही हो, मावशी. पुरावा आहे तो. हात नका लावू."

तिने हात मागे घेतला. उठताना हळूच, जणू मलाच सांगितलं, "शेजारणीचा कोयता घेतला व्हता. डाव्या हातानं जमता आता. खिंडार बुजवलंय."

मित्रांनो, मला तेल लावलं नाही तरी चालेल. फक्त उद्या कोणी तुमच्या हातात माझ्यासारखं काही दिलं आणि कामाचं कौतुक केलं, तर एवढं विचारा: ही वाट कोणासाठी करतोय, आणि आत आलेल्याला परत जाता येईल का?