पाच टन म्हणजे पाच टन

मी पाटी बोलतेय. हेरन ओढ्यावरच्या लाकडी पुलाच्या तोंडाशी उभी असते, तीच. पांढरी, काळ्या अक्षरांची, 'वजनमर्यादा पाच टन' एवढंच सांगणारी. आजवर माझ्यापाशी कोणी दोन मिनिटं थांबून माझं म्हणणं ऐकलेलं नाही. मला बघून लोक एक तर शिव्या घालतात, नाही तर बंदूक काढतात.

बंदुकीचं मी उगाच म्हणत नाही. हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की इथल्या लोकांचे हात शिवशिवतात. दिवसभर हरीण दिसत नाही आणि परतीच्या वाटेवर मी दिसते. एक गोळी तर थेट पाचाच्या पोटातून आरपार गेली आहे. तरी पाच हा पाचच वाचता येतो. मी काही पडले नाही आणि पडणारही नाही.

माझा जन्म काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, रस्ते खात्याच्या आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. रॉय नावाच्या माणसाने ॲल्युमिनियमचा पत्रा कापला, त्यावर रात्री चमकणारा कागद चढवला, अक्षरं बसवली आणि मला भिंतीला टेकवून सिगारेट ओढायला गेला. माझ्या आधी ह्या जागेवर दोघी होत्या. एकीला कॉलेजच्या पोरांनी चोरून नेलं, ती म्हणे कुणाच्या तरी पलंगामागे लटकते आहे. दुसरीला बर्फ लोटणाऱ्या गाडीने आडवं केलं. गाडी काउंटीचीच होती. घरच्यांनीच घात केला म्हणायचं!

रॉयने मला घडवलं, पण मला इथे उभं केलं मारेन टोलेफसनने. ती काउंटीची रस्ते इंजिनिअर. आता हे काम म्हणजे काय, ते लोकांना विचाराल तर सांगतील की रस्त्यावर खड्डा पडला की ज्या बाईला फोन करून ओरडायचं, ती. खडीच्या रस्त्यावर धूळ उडाली तरी तीच. पाऊस पडून चिखल झाला तरी तीच. बर्फ लोटताना कुणाची टपालपेटी मोडली, कुणाच्या बांधाजवळचं गवत कापायचं राहिलं, ओढ्याचं पाणी कुणाच्या सोयाबीनमध्ये शिरलं, की चर्चच्या दारात तिला गाठायचं. प्रार्थना संपेपर्यंत थांबतात, तेवढी सभ्यता आहे.

तिचं खरं काम मात्र मी बघितलंय. गुडघ्याच्या वर येणारे रबरी बूट घालून ती पुलाखाली उतरते. प्रत्येक खांबावर हातोडी मारते आणि कान देते. पोकळ आवाज आला की गिरमिटाने भोक पाडून आतलं लाकूड बाहेर काढते, बोटांत चुरगाळून बघते. पाण्याच्या पातळीला लाकूड आतून कुजतं. वरून जाणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याला दिसते फक्त मी, म्हणून सगळा राग माझ्यावर निघतो.

इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या, लोकांची एक गंमत आहे. तोंडावर कुणाला 'नाही' म्हणायचं त्यांच्या जिवावर येतं. 'बघू' म्हणतील, 'असंही असतं' म्हणतील, आणि पाठ वळली की हवं तेच करतील. माझ्यापाशी येईपर्यंत ट्रक हळू चालवतात आणि मला बघितलं की पाय दाबून सुसाट निघतात. का, तर म्हणे जोरात गेलं की पुलाला वजन लागायच्या आत आपण पार होतो. आजोबाही असंच करायचे, असं वर ऐकवतात. अरे, पण पुलाला काय तुमची घाई कळते?

गेल्या ऑक्टोबरात मारेनचे वडील, वेंडेल, धान्याच्या कोठीच्या शिडीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. त्यांचं शेत ओढ्याच्या पलीकडे आहे. मका वाळून उभा होता आणि कापायला घरात कोणी नव्हतं. मारेन एकुलती एक, आणि तिला काउंटीभरचे रस्ते.

अशा वेळी इथे कुणाला बोलवावं लागत नाही. शेजारी आपली स्वतःची कणसं शेतात उभी ठेवतात आणि हार्वेस्टर, ट्रक, ट्रॅक्टर घेऊन पडलेल्याच्या शेतात येतात. बायका हॅमचे पाव आणि लिंबाच्या वड्या घेऊन येतात. दिवसभरात सगळं शेत मोकळं करून मंडळी घरी जातात, आणि आभार मानायला लागलं की अवघडल्यासारखी टोपी सारखी करत उभी राहतात. मी लोकांवर कितीही चिडले तरी ह्या एका गोष्टीपुढे माझं काही चालत नाही.

शनिवार ठरला. पुढाकार डेल ब्रुनिंगचा. डेल हा वेंडेलचा शेजारी, शाळेपासूनचा मित्र. शिडीखाली पडलेल्या वेंडेलला उचलून गाडीत घालणारा तोच. शिवाय काउंटीच्या निवडून आलेल्या मंडळातही तो आहे, म्हणजे मारेनची नेमणूक ज्यांच्या हातात, त्यांतला एक. त्याने हिशेब केला. पुलावरून गेलं तर गावातलं सहकारी कोठार जवळ. डांबरी रस्त्याने फिरून गेलं तर प्रत्येक खेपेला तिप्पट वेळ. आणि शनिवारी रात्री बर्फ आणि वारा येणार, असं रेडिओ सांगत होता. मक्याची ताटं एकदा आडवी झाली की हार्वेस्टरच्या हाती काही लागत नाही.

गुरुवारी दुपारी मारेन पुलाखाली होती, तेव्हा डेल आला. आधी हवेचं बोलणं झालं. मग शाळेच्या फुटबॉलचं. मग अर्लीनचं, म्हणजे मारेनच्या आईचं, बरं चाललंय ना, असं विचारून झालं. एवढं सगळं झाल्याशिवाय इथे कोणी मुद्द्यावर येत नाही.

"शनिवारपुरती ती पाटी काढून ठेव," शेवटी तो म्हणाला. "संध्याकाळी मी स्वतः परत लावून देतो."

मारेन चिखलातून वर आली. "पाटी काढली तर खांब बरे होणार आहेत का, डेल?"

"माझ्या आजोबांनी ह्याच पुलावरून वाफेचं मळणीयंत्र नेलंय."

"तेव्हा खांब नवे होते. आणि तुमचे आजोबा आधी खाली उतरून बघायचे. तुम्ही कधी उतरलात?"

डेलने माझ्याकडे बघितलं, जणू मीच तिला पढवून ठेवलं होतं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "जानेवारीत तुझ्या नेमणुकीचा ठराव येतोय, पोरी."

"येऊ दे."

"आणि कणसं माझी नाहीत. तुझ्या बापाची आहेत."

ह्यावर मारेन ओढ्याकडे वळली. बूट धुतले आणि निघून गेली. सांगते, त्या वेळी मला भीती वाटली. गोळीची वाटली नव्हती एवढी वाटली. परक्यापुढे ताठ उभं राहणं सोपं असतं, आपल्या माणसापुढे कठीण.

शनिवारी सकाळी ट्रक एकामागोमाग येऊन माझ्यासमोर थांबले. मागे हार्वेस्टर, त्यामागे बायकांच्या गाड्या. मारेनने काउंटीची नारिंगी गाडी पुलाच्या तोंडाशी आडवी लावली होती आणि ती गाडीला टेकून उभी होती. कोणी भोंगा वाजवला नाही. सगळे खाली उतरले, खिशात हात घालून उभे राहिले आणि बुटाने खडी सारू लागले. लोइस हीम्स्ट्रा नावाच्या बाईने तर आधी मारेनच्या हातात कॉफीचा पेला दिला आणि मग म्हणाली, "सख्ख्या बापाला आडवी येणारी पहिलीच बघितली."

तेवढ्यात पलीकडून अर्लीनची गाडी पुलावरून हळूच आली. तिला मी अडवत नाही, गाडी हलकी आहे. मागच्या सीटवरून वेंडेल उतरले. चार पायांची काठी टेकत, दात आवळत, मुलीपर्यंत आले. कोणी हात द्यायला गेलं तर त्याला नजरेनेच मागे सारलं.

"मारेन, गाडी काढ."

"नाही, बाबा."

"ही माणसं माझ्यासाठी आलीत. आपली कणसं उभी टाकून."

"माहीत आहे मला."

"मग मला ह्यांच्यापुढे खाली बघायला लावू नकोस. गाडी काढ."

कॉफीचा पेला मारेनने गाडीच्या टपावर ठेवला.

"काढते," ती म्हणाली. "पण पहिल्या ट्रकात कोण बसणार, ते तुम्ही सांगा. नाव घ्या, मी लगेच गाडी काढते."

"मी बसतो," डेल पटकन म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं, डेल. बाबांना विचारलं. नाव त्यांनी घ्यायचं."

वेंडेलनी मान वर केली. डेलकडे बघितलं. लोइसच्या नवऱ्याकडे बघितलं. मग रांगेतल्या एकेका माणसाकडे. सगळे त्यांच्या ओळखीचे, कुणाच्या बारशाला ते गेलेले, कुणाच्या बापाच्या शवपेटीला त्यांनी खांदा दिलेला. डेल छाती पुढे काढून उभा होता, नाव घ्या म्हणून वाट बघत. वेंडेलचे ओठ हलले, पण नाव काही बाहेर येईना. मी समोरच होते, मला सगळं दिसत होतं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांना ते पुसताही येईना, कारण दोन्ही हात काठीवर.

"फिरून जा, डेल," ते म्हणाले. "राहिला मका तर राहू दे."

मारेनकडे न बघता ते गाडीत जाऊन बसले.

ट्रक मागे वळवायला बराच वेळ गेला. पण एकही माणूस घरी गेला नाही, हे मला सांगायलाच हवं. सगळे डांबरी रस्त्याने फिरून गेले. दिवसभर पलीकडून हार्वेस्टरची घरघर ऐकू येत होती. अंधार पडल्यावर वारा सुटला आणि बर्फ आला. ओढ्याकाठचा एक लांबच लांब पट्टा कापायचा राहिला तो राहिलाच. सकाळी ताटं झोपली होती. हिवाळाभर तिथे हरणं येऊन कणसं खात होती आणि मी बघत होते. त्याची किंमत कुणी भरली, हे मला माहीत आहे. मला कोणी दगडाची म्हणू नये.

जानेवारीत मारेनची नेमणूक झाली नाही. रॉय मला पुसायला आला तेव्हा पुटपुटत होता, त्यावरून कळलं. मंडळातलं कोणी तिला वाईट बोललं नाही. उलट सगळ्यांनी कामाचं कौतुक केलं, केक कापला, आणि 'थोडा बदल बरा' म्हणून तिला घरी पाठवलं. आता इंजिनिअर नसला तर काउंटीचं अडतं, म्हणून शेजारच्या काउंटीचा इंजिनिअर उसना आणला.

बर्फ वितळल्यावर तो आला. डेल त्याच्यासोबत होता आणि खुशीत होता. माझ्याकडे तो असा बघत होता, जणू मी भाडं थकवलेली भाडेकरू. नवा माणूस पुलाखाली गेला, बराच वेळ गेला. वर आला तो कमरेपर्यंत भिजलेला. रॉयला बाजूला घेऊन काहीतरी म्हणाला. रॉयने गाडीतून तीनचा आकडा काढला आणि माझ्या पाचावर चिकटवला.

"अहो, मारेन तर पाच म्हणत होती," डेल म्हणाला.

"पाच होते तेव्हा पाच म्हणाली. आता तीन आहेत."

मग डेल पहिल्यांदाच, कठड्याला धरून धरून, खाली उतरला. तिथे त्याने काय बघितलं ते मला माहीत नाही. वर आल्यावर तो सरळ गाडीत जाऊन बसला.

मारेन आता वडिलांचं शेत करते. वेंडेल तिच्याशी बोलतात, अजून फक्त हवेबद्दल. इथल्या मानाने म्हणजे बरंच जमलंय.

गावात अजून म्हणतात की एवढा तमाशा केला आणि पूल तर पडला नाही. नाहीच पडला. मारेन आडवी उभी राहिली म्हणून पडला नाही, आणि न पडलेला पूल दाखवून कुणाला काही पटवता येत नाही. ह्याच कामापायी तिची नोकरी गेली. मी मात्र इथेच आहे, खुशाल गोळ्या घाला. आणि कधी खरंच घाई असली, भरलेला ट्रक घेऊन माझ्यापाशी आलात, तर मला उपटायला वेळ घालवू नका. फक्त त्यात कुणाला बसवणार, त्याचं नाव मोठ्याने घ्या.