उघड्या छपराखालची पंगत

शुभाताई कानिटकरांना ‘नको’ हा शब्द ऐकू येत नसे. एरवी कान भारी तिखट. शेजारच्या फ्लॅटमधलं भांडण भिंतीपलीकडून शब्दन् शब्द ऐकतील. पण समोर ताट असलं आणि ताटावरचा माणूस नको म्हणाला, की तो लाजतोय एवढंच त्यांना कळायचं. आणि पुण्यात तर त्यांचं बरोबरच ठरत आलं होतं. तिथे माणूस दोनदा नको म्हणतो, मग मुकाट वाढून घेतो आणि बोटं चाटून जेवतो. जर्मनीतला माणूस पहिल्यांदाच खरं बोलतो, हे सुनेनं त्यांना सांगितलं होतं. त्यांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

सून म्हणजे ईप्सिता. ती आणि मुलगा श्रीरंग, दोघंही एर्लांगेनला नोकरी करायचे. तिथून ट्रेननं थोडं लांब, टेकडीवरच्या एका खेड्यात त्यांनी जुनं घर घेतलं होतं. घर भक्कम, पण छप्पर पार थकलेलं. त्या टेकडीवर वारा असा सुटायचा की कौलं खडखड वाजायची. गेल्या हिवाळ्यात तर बर्फ वितळून वरच्या खोलीच्या भिंतीवर ओघळ आले होते. म्हणून जुनं छप्पर उतरवून नवं घालायचं ठरलं. पण छपराचे कारागीर मिळणं म्हणजे महाकर्मकठीण. तारीख मिळाली ती थेट नोव्हेंबरअखेरची, आणि शुभाताई नि त्यांचे यजमान देवदत्तराव नेमके तेव्हाच मुलाकडे येऊन राहिले होते.

शुक्रवारी श्रीरंग कामासाठी दोन दिवस बॉनला गेला होता. ईप्सिता सकाळी निघताना म्हणाली, “आई, दहाला त्यांना कॉफी द्या, बरोबर केक. दुपारचं ते आपापलं आणतात. बाकी काही करायचं नाही. चालेल ना?”

“हो गं, निघ तू,” शुभाताई म्हणाल्या. हे म्हणत होत्या तेव्हा चण्याची डाळ कुकरमध्ये शिजत होती.

आता त्यांचीही बाजू ऐका. त्या घरात त्यांना करायला काही उरलंच नव्हतं. भांडी यंत्र घासायचं, केर काढणारं यंत्र तर आपलं आपणच घरभर फिरायचं. सून प्रेमळ होती, पण कशाला हात लावला की म्हणायची, “राहू द्या हो आई, तुम्ही आराम करा.” मुलाच्या घरात आपण पाहुण्या झालो, हे शुभाताईंना फार लागलं होतं. आणि आज घरावर नवं छप्पर चढतंय, शुभ काम, आणि राबणाऱ्या माणसांनी कोरडा पाव चावायचा? छे.

कारागीर तिघं होते. त्यांचे मुख्य ब्रांडल, दाराएवढे रुंद, बोलणं जेमतेम ‘या’ म्हणजे हो, आणि ‘गेनाऊ’ म्हणजे अगदी बरोबर, एवढंच. हाताखाली मार्कुस आणि टोबी. दुपारपर्यंत त्यांनी मागच्या बाजूची सगळी कौलं उतरवली. वरच्या खोलीतून मान वर केली की लाकडी वासे आणि त्यांच्यामधून सरळ आभाळ. जेवणानंतर त्या वाशांवर पाणी आत न येऊ देणारं जाड कापड ताणायचं, वरून पट्ट्या ठोकायच्या, म्हणजे घर झाकलं जाणार. कौलं मग सोमवारी चढवली तरी चालणार होतं.

ते पावाचे डबे उघडणार तेवढ्यात शुभाताईंनी त्यांना हाताला धरून आत आणलं. टेबलावर मसालेभात, बटाट्याची भाजी, कटाची आमटी आणि पुरणपोळ्यांची चळत. पोळीवर तूप असं, की ताट जरा कललं तर ओघळ यावा.

ब्रांडलनी एक पोळी खाल्ली आणि “नाइन, डांके” म्हणाले, म्हणजे नको, आभार. शुभाताईंनी दुसरी वाढली. त्यांनी ताटावर हात आडवा धरला, तशी तिसरी हातावर आली.

“शुभा, बास कर, तो खरंच नको म्हणतोय,” देवदत्तराव म्हणाले.

“अहो, भिडस्त आहेत हो बिचारे,” त्या म्हणाल्या आणि टोबीकडे वळल्या.

टोबी मुळीच भिडस्त नव्हता. किती पोळ्या रिचवल्या ते त्याचं त्याला ठाऊक. जेवण झाल्यावर तिघं अंगणात गेले, आणि टोबी कौलांच्या ढिगाला टेकला तो घोरायलाच लागला. मार्कुसनं शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथेच थांबून राहिला. ब्रांडलनी त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

“असं जेवून माझा माणूस छपरावर जाणार नाही. थोडं थांबू,” ते म्हणाले. देवदत्तरावांनी ते फोनमधल्या भाषांतराच्या सोयीनं मराठीत करून ऐकवलं.

ते थांबले. वारा काही थांबला नाही. बघता बघता त्यानं असा जोर धरला की अंगणात उलगडलेलं कापड ब्रांडल आणि मार्कुसच्या हातून सुटून थेट शेजारच्या सफरचंदाच्या झाडावर जाऊन अडकलं. मग त्या दिवशी काम होणारच नव्हतं. वाशांवर एक ताडपत्री दोरीनं बांधून ब्रांडल म्हणाले, “उद्या दुपारी वादळ आहे, बर्फ घेऊन येतंय. त्यात ही टिकायची नाही. सकाळी वारा पडेल असं म्हणतायत. आम्ही शनिवारी काम करत नाही. पण येऊ.”

शुभाताई उरलेल्या पोळ्या झाकून ठेवायला आत गेल्या.

ईप्सिता संध्याकाळी आली, वर गेली, फडफडणारी ताडपत्री बघून खाली आली. तिचा आवाज चढला नाही; चढला असता तर बरं झालं असतं.

“आई, छप्पर राहिलं त्याचं मला इतकं काही नाही. खोली भिजेल, लाकडी जमीन फुगेल, बघू आपण. पण त्यातला एखादा तसाच गुंगीत वर चढला असता आणि खाली पडला असता तर?”

हे शुभाताईंच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपल्या हातची पोळी खाऊन कुणाचं वाईट होऊ शकतं, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं आणि सुनेचं म्हणणं खोटंही नव्हतं. “मला भूक नाही,” म्हणून त्या खोलीत गेल्या.

शनिवारी सकाळी वारा खरंच पडला होता. थंडी मात्र अशी की बोलताना तोंडातून वाफ निघावी. श्रीरंगचं जाकीट घालून शुभाताई शिडीपाशी उभ्या राहिल्या. आभाळ पश्चिमेकडून काळवंडत येत होतं, आणि वर तिघांचे हातोडे न थांबता चालले होते.

जरा वेळानं टोबीनं वरून डोकं काढलं. नाक लाल, बोटं लाल. “ओमा,” म्हणजे आजी, त्यानं विचारलं, “पोळी?”

आता असा प्रसंग शुभाताईंवर गुदरला. पोळ्या होत्या, तूप होतं, आणि समोर एक गारठलेलं पोर मागून घेत होतं. त्यांचा जीव तीळ तीळ तुटला. पण त्या म्हणाल्या, “नाइन. एर्स्ट दाख.” आधी छप्पर.

“चाळीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा ऐकतोय,” मागून देवदत्तराव म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा हो,” शुभाताई म्हणाल्या. पुढे मार्कुस हात शेकायला म्हणून स्वयंपाकघरात शिरू लागला, तेव्हा त्यांनी त्याच्या हातात चहाचा कप दिला आणि दार लावून घेतलं. बिचारा कप घेऊन पायरीवरच उभा राहिला.

शेवटची पट्टी राहिली आणि वारा आला. कापडाचं टोक वर उचललं गेलं. ब्रांडल ओरडून काहीतरी म्हणाले, तशी ईप्सिता वरच्या खोलीत धावली. “आतून धरायला सांगतायत!” शुभाताईही तिच्यामागे जिना चढल्या. दोघी दोन स्टुलांवर उभ्या राहिल्या, वाशांच्या फटीतून हात घालून कापड मुठीत धरलं आणि खाली ओढत राहिल्या. बाहेरून ब्रांडल खिळे ठोकत पुढे सरकत होते. कापड हाताला असे हिसके देत होतं की ईप्सिताला वाटलं, आईंचा खांदा निखळेल.

“आई, सोडा तुम्ही, मी धरते.”

“नाही सोडणार,” शुभाताई म्हणाल्या आणि त्यांनी सोडलं नाही. हळूहळू आभाळाची फट बारीक होत गेली, आणि शेवटच्या खिळ्याबरोबर खोलीत अंधार झाला. ईप्सितानं दिवा लावला. सासूबाई स्टुलावरून उतरल्या आणि मटकन खालीच बसल्या.

“आई, केवढ्या थरथरताय तुम्ही.”

“थंडी आहे गं.”

“कसली थंडी,” जिन्यावरून देवदत्तराव म्हणाले. “काल रात्रीपासून पोटात कण नाही तिच्या. म्हणते, घास उतरत नाही.”

ईप्सितानं सासूच्या दंडाला धरून त्यांना खाली आणलं. तिघं कारागीर हात धुऊन टेबलाशी बसले होते आणि आता कुणी नको म्हणण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. शुभाताई सवयीनं शेगडीकडे वळल्या. ईप्सितानं त्यांना खुर्चीवर बसवलं, त्यांच्यापुढे ताट ठेवलं, पोळी वाढली, तूप घातलं.

“अगं, आधी त्यांना वाढ. माणसं उपाशी आहेत.”

“नाही आई. आधी तुम्ही.” मग ती कारागिरांकडे वळून जर्मनमध्ये दोन वाक्यं बोलली.

ब्रांडलनी डोक्यावरची लोकरी टोपी काढून मांडीवर ठेवली. मार्कुसनं हातातला चमचा खाली ठेवला, आणि टोबीनं पोळीकडे एकदा पाहून नजर खिडकीकडे वळवली. बाहेर बर्फ आडवा पडायला लागला होता. तिघं धिप्पाड बाप्ये हाताची घडी घालून मुकाट थांबून राहिले.

माहेरी काय नि सासरी काय, शुभाताई जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवल्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते जाकिटाच्या बाहीनं पुसले, पहिला घास घेतला, आणि सगळं टेबल वाट बघत असताना अगदी सावकाश, पोटभर जेवल्या.