उस्मानभाईंनी केलेलं कौतुक

आपल्या माणसाचं मोठेपण सांगायचं तर आधी त्याची गरिबी रंगवायची, ही कोकणवाल्यांची रीतच. त्यात उस्मान परकार म्हणजे हात आखडता घेणारे नव्हेत. कॅनडाच्या वर्तमानपत्रातून एका हिंदी बोलणाऱ्या बाईंचा फोन आला, त्यांनी सर्फराजच्या कुवेतमधल्या दिवसांबद्दल विचारलं, तेव्हा उस्मानभाई तिथल्याच अम्गऱ्याच्या भंगार यार्डात एका मोडक्या गाडीच्या बॉनेटवर ऐसपैस बसले.

सर्फराज त्यांच्याच गावचा. कुवेतला अबू हलीफातल्या खोलीत पाच वर्षं त्यांच्या शेजारच्या खाटेवर झोपलेला. वीस वर्षांपूर्वी तो कॅनडाला गेला. तिथे आधी शाळा समितीवर, मग प्रांताच्या विधिमंडळात आणि दोन वर्षांपूर्वी थेट कामगारमंत्री. बाहेरून येणाऱ्यांचे अनुभवाचे दाखले कडक तपासायचा कायदा त्यानेच आणला होता.

“मॅडम, मिनिस्टर तो आज हुआ. यहाँ मेरे साथ टूटी गाड़ियों के नट खोलता था!”

“पाँच साल यही काम?”

“दूसरा काम ही नहीं किया!” उस्मानभाईंनी छाती फुगवून सांगितलं.

तो दाखला त्यांच्या डोक्यातून साफ गेला होता. ‘वर्कशॉप मॅनेजर, पाच वर्षं.’ कॅनडाच्या अर्जासाठी तो कागद त्यांनीच टाइप केला होता आणि कंपनीचा शिक्काही त्यांनीच मारला होता.

आठवड्याभरात बातमी आली, की मंत्र्याचा मॅनेजरकीचा दाखला खोटा आहे. कुणी सांगितलं, तर ‘जुन्या सहकाऱ्याने’, एवढंच त्यात होतं, नाव नव्हतं. चौथ्या दिवशी सर्फराजने राजीनामा दिला. तेव्हा कुठे उस्मानभाईंना तो दाखला आठवला. इतक्या वर्षांची त्याची मेहनत आपण दहा मिनिटांच्या बडबडीत मातीत घातली!

“फोन लावा नि सांगून टाका,” त्यांची बायको रहिमा म्हणाली. “शिव्या देईल, देऊ दे. पन सांगा.”

त्यांनी चारदा फोन उचलला, चारदा ठेवला. शिक्क्याचं मालकाला कळलं तर आपली नोकरी जाईल, हा विचार प्रत्येक वेळी आधी यायचा. सर्फराजच्या आधी आपल्याला आपली नोकरी आठवते, याची त्यांना भयंकर लाज वाटत होती.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर सर्फराजचाच फोन आला.

“उस्मानभाय, घाबरू नको. कागद मीच बनवला, शिक्का मीच मारला, असं लिहून दिलंय. तुजं नाव कुठं येनार नाय.”

“सर्फराज, ऐक, मी...”

“आधी माजं ऐक. खुर्ची गेली, त्याचं काय नाय. पन आपल्यातलाच कोनतरी बोललाय, ते लागलंय मना. तू तिकडं हायस, जरा शोध. तुज्याशिवाय कोनावर भरवसा ठेवू?”

रहिमा दारात उभी राहून त्यांच्याकडेच बघत होती.

“शोधतो,” उस्मानभाई म्हणाले.