पाच भाकऱ्या

जनाबाईनं डबा उघडला आणि प्रभंजननं पेनाच्या टोकानं भाकऱ्या मोजल्या. पाच. वहीत आकडा लिहून त्यानं पेन कानामागं खोचलं.

"ऊटा माडरी, जेवा अण्णा," म्हणत तिनं दोन भाकऱ्या डब्याच्या झाकणात काढल्या, वर शेंगाचटणी ठेवली आणि झाकण त्याच्यापुढं सरकवलं.

"रोज तुमचं खातो मी. बरं नाही हे."

"पाहुण्याला वाढलेलं मोजत नाहीत. पाप लागतं."

प्रभंजनला हे फार पटलं. त्यानं ते मोजलं नाही.

हुबळीच्या केशवापुरातल्या संजीवशेठच्या कांडप गिरणीत तो पंचवीस दिवस बसला. रोज धारवाडहून बसनं यायचा. प्रबंधाचा विषय : उत्पादनातली ऊर्जा. अर्थशास्त्राची पुस्तकं भांडवल आणि श्रम एवढंच धरतात, जणू काही गिरणी मालकाच्या इच्छेवर फिरते, असं त्याचे मार्गदर्शक बाळाचार्य म्हणत. प्रभंजन त्यांच्याही पुढं गेला. वीज ऊर्जा, तशी भाकरीही ऊर्जाच. मग यंत्र आणि माणूस एकाच रकान्यात का नकोत? त्यानं कोष्टक बसवलं. ज्वारीच्या तीन भाकऱ्या बरोबर एक युनिट वीज.

बाळाचार्यांना हे इतकं आवडलं, की त्यांनी ते कोष्टक चक्क स्वतःच्या वहीत उतरवून घेतलं.

संजीवशेठलाही आवडलं, पण वेगळ्या कारणानं. मिरचीचे देठ काढायचं यंत्र आणावं की जनाबाईलाच ठेवावं, हे त्याचं ठरत नव्हतं. अठरा वर्षं ती देठ खुडत होती. तोंडावर कसं सांगायचं?

"तुमचं शास्त्र सांगेल तसं करू, सर. म्हणजे माझ्यावर यायला नको."

जनाबाईला हे ठाऊक होतं आणि तिला काळजी नव्हती. तिच्या हाताच्या वेगाची बाई सबंध हुबळीत नव्हती. "नीट बघून लिवा म्हणजे झालं," एवढंच ती म्हणाली होती.

प्रभंजन नीट बघत होता. तिची बोटं घड्याळ लावून मोजत होता. चौथ्या दिवसाच्या पानावर त्यानं लिहिलं : भाकऱ्या तीनवरून पाच. काम तेवढंच. कारण अज्ञात. लिहिताना बोटांना चटणीचं तेल होतं. त्या पानावर डाग अजून आहे.

सोमवारी संजीवशेठनं अहवाल गादीवर बसून मोठ्यानं वाचला. पहिले तीन दिवस भाकरीमागच्या कामात जनाबाई कागदावरच्या यंत्राच्या पुढं होती. चौथ्या दिवसापासून मागं पडली, ती शेवटपर्यंत.

"जनाक्का, तू पाच भाकऱ्या खातीस?"

"तीन."

"इथं पाच लिहिल्यात. बावीस दिवस. मग वरच्या दोन कुत्र्याला घालतीस काय?"

प्रभंजनचा हात कानामागच्या पेनाकडं गेला आणि तिथंच राहिला. दोन. बावीस दिवस. चव्वेचाळीस. शुक्रवारी प्रबंध सादर करायचा होता आणि त्याची पाचही प्रकरणं या एका रकान्यावर उभी होती. त्यानं कान खाजवला आणि हात खाली घेतला.

जनाबाईनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. पदरावरचं मिरचीचं बी तिनं एकेक करून झटकलं.

"मीच खाते," ती म्हणाली. "हल्ली भूक लागते."

"बघा," संजीवशेठ वळला. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद मावत नव्हता. "आकडा खोटं बोलत नाही. होय ना, सर?"

"नाही बोलत," प्रभंजन म्हणाला.

यंत्र गुरुवारी यायचं होतं. तोवर तिनं यावं, असं ठरलं.

बारा वाजता ती नेहमीच्या जागी बसली. डबा उघडला. दोन भाकऱ्या झाकणात काढून तिनं त्याच्यापुढं सरकवल्या.

"वही नाही आज?"

"काम संपलं, जनाक्का."

"मग सावकाश खावा."

त्यानं सावकाश खाल्लं. दुसऱ्या भाकरीला चटणी पुरली नाही, तेव्हा त्यानं आणखी मागून घेतली.