कौसल्याबाईचा बटवा

सांगवीच्या कौसल्याबाईच्या कमरेला जो बटवा असायचा, तो सगळं गाव ओळखून होतं. हिरव्या खणाचा, तोंडाला काळी नाडी, आणि पोट दिवस भरलेल्या गाभण गाईसारखं. कुणाच्या पायात काटा मोडला, कुणाच्या पोलक्याचं बटण तुटलं, एसटीत कुणाचं पोर ओकायला लागलं, की हाक यायचीच, "कौसल्याबाई, बटवा हाय न्हवं?" नवरा संभाजीआबा म्हणायचे, "कारखान्याच्या गोदामात नसंल एवढा माल हिच्या कमरंला हाय. हिला वजनकाट्यावर नेली तर उसाच्या ट्रॉलीत धरतील."

त्यात जिनसा होत्या त्या होत्याच, पण कागद फार. कौसल्याबाईला साठीपर्यंत अक्षर ओळखता येत नव्हतं. वाचता न येणाऱ्या माणसाला कामाचा कागद कुठला आणि बिनकामाचा कुठला हे कळत नाही, म्हणून ते सगळेच जपतं. पुढं सून रेश्मा घरात आली. तिनं परातीतल्या पिठात बोटानं अक्षरं काढून सासूला लिहावाचायला शिकवलं. मग बटव्यात पेन्सिलीचं एक थोटूकही आलं. कागद मात्र एकानंही कमी झाले नाहीत.

रेश्माचं लग्न झालं ते करोनाच्या दुसऱ्या लाटेत. पंचवीस माणसं, दोन तास, आणि सगळी दुकानं बंद. नवरीचा शालू सासरनं घ्यायची रीत. पण बारामतीत उघडं होतं ते फक्त औषधाचं दुकान. रेश्मा मामीच्या जुन्या साडीवर बोहल्यावर चढली. कौसल्याबाईनं तेव्हा सगळ्यांदेखत शब्द दिला, "दुकानं उघडू द्या. पोरीला पैठणी घेते."

दुकानं उघडली. पण त्या साली बोअरची मोटार जळाली, पुढच्या साली रेश्माचं बाळंतपण आलं, त्याच्या पुढं मुलगा युवराज लोणी देवकरला कंपनीत लागला आणि त्याला जायला-यायला गाडी घ्यावी लागली. पैठणी आपली दर दिवाळीला एक दिवाळी पुढं सरकत राहिली. रेश्मानं कधी नाव काढलं नाही. नाव काढायची ती तिची आई, इंदापूरच्या विजयमालाबाई. कुठल्याही लग्नात दोघी विहिणी भेटल्या की विजयमालाबाई लेकीचा पदर नीट करत म्हणायच्या, "आमच्या रेश्मीचं बरं हाय बाई. तिला साधंसुद्धा शोभतं." एवढंच. पण ते कौसल्याबाईच्या काळजात बाभळीच्या काट्यासारखं मोडायचं, आणि तो काटा काढायला बटव्यातली सुई उपयोगाची नव्हती.

संक्रांत झाली आणि विजयमालाबाईंचा फोन आला.

"विहीणबाई, रविवारी आमच्या मंडळाचं हळदीकुंकू हाय. रेश्मीला घेऊन या. खेळ ठेवलाय, पैठणी हाय बक्षिसाला. मी जिंकले तर रेश्मीलाच देणार बघा. कुणीतरी द्यायलाच पायजे न्हवं?"

कौसल्याबाईनं फोन ठेवला. शेळीला पाला टाकला. मग सुनेकडं वळून म्हणाली, "ती पैठणी सांगवीला येणार. तुझ्या आईच्या हातनं तुझ्या अंगावर पडली, तर मला त्या घरात पाऊल टाकायला तोंड न्हाय ऱ्हायचं."

"आत्या, मला नकोच पैठणी," रेश्मा म्हणाली. आपल्याकडं सुना सासूला आत्या म्हणतात, तशी ती म्हणायची.

"तुला कोण विचारतंय?"

रेश्माला पैठणीची नाही, दोघींची धास्ती होती. आईला हसायला आणखी एक निमित्त नको, म्हणून तिनं शनिवारी एक काम केलं. बटवा रिकामा करून धुऊन दोरीवर टाकला, आणि बारामतीहून आणलेली चॉकलेटी रंगाची नवी पर्स सासूसाठी भरली. आधार कार्ड, रक्तदाबाच्या गोळ्या, रुमाल, फणी. उरलेला ढीग टाकून द्यायचा तिला धीर झाला नाही. वाटेत आत्यांनी ओवा मागितला तर? तिनं सगळं एका प्लास्टिकच्या थैलीत कोंबून आपल्या खांद्याच्या पर्समध्ये तळाला दडवलं.

"बटवा वल्ला हाय आत्या. ही घ्या, सगळं ह्यात भरलंय."

कौसल्याबाईनं पर्स हातावर तोलली. "हलकी लागती गं."

"नव्या वस्तूला वजन नसतं."

सुनेवर विश्वास ठेवून बाई अर्ध्या तिकिटात इंदापूरला पोचली.

मंडळाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. समोर टेबलावर पैठणी मांडलेली, जांभळी, पदरावर मोर. विजयमालाबाईंनी विहिणीला कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला, आणि पर्सकडं बघून म्हणाल्या, "अगंबाई, बोचकं आज घरी?"

"धुयाला टाकलंय," कौसल्याबाई म्हणाली. "तुमच्या दारात यायचं म्हणल्यावर."

खेळ घ्यायला शगुफ्ता मुलाणी उभी राहिली. बाजारपेठेत तिचं बांगड्यांचं आणि पर्सचं दुकान. अख्ख्या इंदापूरच्या बायका तिच्या हातून बांगड्या भरलेल्या, त्यामुळे माईकवर ती कुणालाच भीत नव्हती.

"काकी, मावशी, वहिनी, सगळ्यांनी ऐका. आजच्या खेळात पळायचं न्हाय, फुगं फोडायचं न्हायत. मी वस्तूचं नाव घेणार. ती तुमी तुमच्या पर्समधनं काढून वर धरायची. जी शेवटाला धरंल ती बाद. मोबाईलातलं चालणार न्हाय, अंगावरचं चालणार न्हाय, शेजारणीचं तर अजिबात न्हाय. दोन तुकड्या करू. दोन्हीतल्या जिंकणाऱ्या शेवटी समोरासमोर."

कौसल्याबाईला वाटलं, देवानं आज आपल्याकडं बघूनच खेळ लावला. चाळीस वर्षं ज्या बटव्यावर लोक हसले, त्याचा आज मान. विजयमालाबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांना तिनं गोड हसून दाखवलं.

"सेफ्टी पिन!" शगुफ्ता ओरडली.

कौसल्याबाईकडं सेफ्टी पिना म्हणजे काळ्या दोऱ्यात ओवलेला दोन डझनांचा हार. तिनं चेन ओढली. फणी. रुमाल. आधार कार्ड. गोळ्या. तिनं परत बघितलं. फणी. रुमाल. पर्स उलटी करून झटकली, तर आतनं दुकानानं भरलेला रेशमी कागदाचा बोळा पडला.

दहा हात वर झाले होते. "सांगवीच्या काकी बाद!"

"पहिल्याच पिनंला?" विजयमालाबाई पिन परत पर्समध्ये टाकत म्हणाल्या. "जपून जावा हो विहीणबाई, खुर्ची लागंल पायाला."

कौसल्याबाई सुनेशेजारी येऊन बसली ती पांढरीफटक. रेश्मा रडकुंडीला आलेली. तिनं आपली पर्स उघडून हळूच थैली दाखवली. "आत्या, मीच काढलं सगळं. तुमाला कुणी हसू नये म्हणून."

कौसल्याबाईनं थैलीकडं बघितलं, मग सुनेच्या खांद्यावरच्या पर्सकडं, आणि तिच्या चेहऱ्यावर परत रंग चढला.

"कुठल्या पर्समधी हाय हे आत्ता?"

"माझ्या."

"मग बसलीस काय? दुसऱ्या तुकडीत हो हुबी!"

पहिल्या तुकडीत विजयमालाबाईंनी नऊजणींना लोळवलं. त्याही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. दुसऱ्या तुकडीत रेश्मा लाजत उभी राहिली, आणि मग हॉलनं जे बघितलं त्याची इंदापुरात अजून चर्चा आहे. शगुफ्ता म्हणाली सुईदोरा, रेश्माच्या हातात पुठ्ठ्याला गुंडाळलेला सुईदोरा. बटण, तर तीन रंगांची बटणं. लवंग, तर लवंग, आणि वर ओव्याची पुडी फुकट. जुनं एसटीचं तिकीट म्हटल्यावर तिनं पत्त्यांसारखा पंखाच उघडला. "दहा पैशाचं नाणं" ऐकून बाकीच्या हसायला लागल्या, तोवर रेश्माचा हात वर.

"ह्या पोरीच्या पर्समधी दुकान हाय का काय?" शगुफ्ता म्हणाली. "वहिनी, अडकित्ता असंल तर तोपण काढा बघू, उगं आपलं."

रेश्मानं अडकित्ता काढला. हॉल हसून लोळला.

शेवटच्या फेरीला समोरासमोर मायलेकी. विजयमालाबाई लेकीच्या कानाशी म्हणाल्या, "रेश्मे, मी जिंकले तरी तुलाच हाय. उगं आईशी नको झोंबू."

"आई, खेळ तर खेळ."

"बाहेरनं कुणी सांगायचं न्हाय," शगुफ्तानं बजावलं. "सांगितलं तर जिला सांगितलं ती बाद. शेवटची वस्तू. ऐका. स्वतःच्या लग्नातली एखादी वस्तू. दागिना सोडून."

विजयमालाबाई पर्सचे कप्पे उलगडायला लागल्या. रेश्मा मात्र नुसती उभी राहिली. तिच्या लग्नातलं उरलं होतं काय? साडी मामीची, ती परत गेली. फोटो मोबाईलात. ना रुखवत, ना पत्रिका.

आणि इकडं कौसल्याबाईच्या जिवाचं पाणी पाणी. तिला माहीत होतं. थैलीत कारखान्याचं, सभासदाला स्वस्त साखर मिळते ते कार्ड होतं, त्याच्या प्लास्टिकच्या कव्हरात मागं एक कागद घडी करून ठेवलेला होता. तिनंच ठेवला होता. एक शब्द बोलली तर रेश्मा बाद. न बोलली तर विजयमालाबाईंना काहीतरी सापडणार. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. शेजारच्या खुर्चीवरची फुलाबाई म्हणाली, "काय हो, दाढ दुखती का?" कौसल्याबाईनं मान हलवली, ती हो का नाही तिची तिलाच कळली नाही.

"माझ्या लग्नातला बटवा व्हता गं मखमली," विजयमालाबाई कप्पे चाचपत पुटपुटल्या, "जुन्या पर्समधी ऱ्हायला."

रेश्मानं शेवटी थैली टेबलावर उलटी केली. किल्ल्या घरंगळल्या, रबर, गोटी, अंगाऱ्याची पुडी, पेन्सिलीचं थोटूक. आणि साखरेचं कार्ड आपटून त्याच्या कव्हरातनं घडी बाहेर सरकली. पिवळी पडलेली, कडा झिजलेल्या. रेश्मानं ती उचलली, उलगडली, आणि हात वर करायचंच विसरली.

"काय हाय ते?" शगुफ्तानं कागद घेतला आणि माईकवर वाचायला लागली. "विवाह समारंभास परवानगी. पंचवीस व्यक्ती, दोन तास. वधू रेश्मा, वर युवराज... आगं, हा लॉकडाऊनचा पास हाय! ह्याच्यापेक्षा लग्नातली वस्तू कुठली?"

टाळ्या सुरू झाल्या, तेवढ्यात तिनं कागद पालटला. मागं पेन्सिलीनं, परातीतल्या पिठात काढावी तशी मोठी मोठी अक्षरं होती. तिनं तीही वाचली.

"रेश्माला पैठणी घ्यायची राहिली आहे. विसरू नये. कौसल्या."

माईक होता म्हणून ते पार मागच्या बाईपर्यंत गेलं.

रेश्मा सासूकडं बघत होती. कौसल्याबाईनं पदराचा बोळा तोंडातनं काढला आणि तो आता कुठं लपवावा हे न कळून मांडीवर धरून बसली. विजयमालाबाईंनी कागद शगुफ्ताच्या हातातनं घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला, आणि तडक विहिणीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हे कवा लिवलंत?"

"लिवायला आलं त्या दिवशी," कौसल्याबाई म्हणाली. "दुसरं काय लिवायचं सुचंना."

"आन मला एका शब्दानं बोलला न्हाईत. मी आपली चार वर्षं टोचून टोचून..."

"बोलायचं काय त्यात? घ्यायची व्हती."

विजयमालाबाईंनी नाक ओढलं. "पहिल्याच पिनंला बाद झालात, बरं झालं. न्हायतर आज तुमी मला इंदापुरात तोंड दाखवू दिलं नसतं."

"आत्तातरी कुठं दिलंय?" कौसल्याबाई म्हणाली, आणि दोघी अशा हसल्या की तिळगुळाचं ताट सांडलं.

पैठणी रेश्माच्या अंगावर घालायची वेळ आली तेव्हा एक टोक आईनं धरलं, एक सासूनं. निऱ्या कुणी घालायच्या यावर तिथंच वाद लागला. "अहो, उलट्या घालताय!" "आमच्याकडं अशाच घालतात!" मधे रेश्मा भोवऱ्यासारखी फिरत राहिली. थैलीतला माल कुणाच्या बटव्यातला हे एव्हाना हॉलभर झालं होतं. निऱ्या खोचायला पिन लागली, आणि भरल्या हॉलमधनं एकदम दहा-बारा आवाज आले, "सांगवीच्या काकी, बटवा हाय न्हवं?"

परतीच्या एसटीत रेश्मा पैठणी नेसूनच बसली होती. कंडक्टरनं तिच्याकडं दोनदा बघितलं आणि अर्धं तिकीट फाडलं. कौसल्याबाईनं मांडीवर थैली घेऊन एकेक जिन्नस नव्या पर्समध्ये भरायला काढली. पिनांचा हार, अडकित्ता, बटणं, ओवा, किल्ल्या. भिगवणचा फाटा मागं पडला तरी भरणं चाललंच होतं. शेवटी तिनं तो कागद उलगडला, गुडघ्यावर ठेवला, थोटूक जिभेवर ओलं केलं आणि गाडीचा गचका चुकवत मागच्या बाजूच्या ओळीवर एक आडवी रेघ मारली.

"आता टाका की तो," रेश्मा म्हणाली.

"टाकू कशाला? अजून निम्मी बाजू कोरी हाय."

तिनं कागदाची घडी कार्डामागं सरकवली, कार्ड पर्समध्ये घातलं आणि चेन ओढली. चेन अर्ध्यावर येऊन अडकली. सासूसुनेनं दोन बाजूंनी पर्स दाबली, पुढच्या सीटवरच्या बाईनंही मागं वळून हात लावला, पण ती काही मिटली नाही.

"उद्या बटवा वाळंल," कौसल्याबाई म्हणाली आणि उघडी पर्स पोटाशी धरून बसली.