बुधवारची अन्वी

फ्रिजवरचं चुंबक काढून गुरुदत्तने मुलीचं, अन्वीचं, कॉलेजचं वेळापत्रक सोडवलं, घडी घातली आणि चमच्यांच्या खणात तळाशी सरकवलं. मागे त्याची बायको चारुलता कणीक मळत होती. तिने पाहिलं, पण हात थांबवले नाहीत.

"आणि ती लीगे?" तिने विचारलं. "तीही खणात मावेल का बघा."

लीगे म्हणजे अन्वीची सरावाची घडीची खाट. लांबलचक, काळ्या रेक्झिनची, एका टोकाला तोंड ठेवायला भोक असलेली. वर्षभर ती बैठकीच्या खोलीत सोफ्यामागे उभी असायची आणि दर बुधवारी मांडली जायची.

"ती केलरमध्ये नेतो," गुरुदत्त म्हणाला. "दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. दादा गेला की परत आणतो."

त्याने ती उचलली आणि तीन जिने उतरून तळघरात सायकलींच्या मागे नेऊन ठेवली. वर येताना दुसऱ्या मजल्यावरच्या क्रेमरबाईंनी हसून 'मोर्गन' म्हणून सकाळचा नमस्कार केला. त्याच खाटेवर त्या महिन्यातून एकदा तरी अन्वीपुढे पालथ्या पडत. आज त्यांच्याकडे पाहायचीही गुरुदत्तला लाज वाटली.

गुरुदत्त जर्मनीत र्युसेल्सहाइमला गाड्यांच्या ब्रेकच्या आवाजावर काम करणारा इंजिनीअर. आवाज कुठून येतो ते शोधायचं आणि तो बंद करायचा, यात त्याची वीस वर्षं गेलेली. माणूस सरळ. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. आयुष्यात एकच थाप मारली त्याने, पण ती मारली ती घरातल्या डॉक्टरपुढे.

वासुदेव, म्हणजे दादा, त्याचा थोरला भाऊ. सांगलीत एम.डी. डॉक्टर. दवाखाना जोरात, शब्दाला वजन. अन्वीला ऑस्टिओपॅथीला प्रवेश मिळाला तेव्हा गुरुदत्तने त्याला फोन केला आणि ऑस्टिओपॅथी हा शब्द तोंडातून यायच्या आधीच म्हणाला, "दादा, अन्वी मेडिकलला गेली."

तसं पाहिलं तर ही थाप पूर्ण थापही नव्हती. अमेरिकेत ऑस्टिओपॅथ म्हणजे चक्क डॉक्टर. औषधं लिहून देतात, ऑपरेशनं करतात. जर्मनीत मात्र तसं नाही. इथे तो हातांचा वेगळा धंदा आहे, डॉक्टरकी नव्हे, हे गुरुदत्तला प्रवेशाच्या आधीपासून माहीत होतं. पण मेडिकलला लागतात तेवढे मार्क अन्वीला नव्हते, आणि तिला ते नकोही होतं. तिला हेच शिकायचं होतं. हे दादाला कसं सांगायचं, ते गुरुदत्तला कळेना.

पुढचं सगळं आपोआप झालं. दादा दर रविवारी फोन करायचा. "काय म्हणतेय आमची डॉक्टरीण? आठवडा कसा असतो तिचा?" पहिल्या वेळी गुरुदत्त गडबडला. मग त्याने इंटरनेटवर शोधलं आणि त्याला एका अमेरिकन कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या मुलाने लिहिलेलं पान सापडलं. माझा आठवडा कसा जातो, असं. सकाळी लेक्चर, दुपारी डिसेक्शन, गुरुवारी हातांचं प्रॅक्टिकल, शुक्रवारी परीक्षा. ते त्याने ऑफिसात दोनदा वाचलं आणि रविवारी दादाला सांगून टाकलं. दादा खूश. दादा डॉक्टर, त्यामुळे त्याचे प्रश्न नेमके असत. एका बॉडीवर किती मुलं? फॉर्मालिनचा त्रास होतो का? गुरुदत्त मग पुढच्या रविवारची तयारी करून ठेवायचा. असा त्या अनोळखी अमेरिकन मुलाचा आठवडा सांगलीत अन्वीचा म्हणून नांदू लागला.

खऱ्या अन्वीचा आठवडा असा नव्हता. सोमवारी ती एस-बानची लोकल पकडून कॉलेजात जायची आणि प्लास्टिकच्या सांगाड्याची हाडं डोळे मिटून ओळखायची. मंगळवारी हातांचा तास. वर्गातल्या कुणाच्या तरी पाठीवर हात ठेवून नुसतं बसायचं, काही करायचं नाही, श्वास कुठवर पोचतो ते बघायचं. गुरुवार-शुक्रवार शरीरशास्त्र आणि गर्भाची वाढ. शनिवारी स्टेशनजवळच्या बेकरीत ब्रोटशेन, म्हणजे छोटे पाव, विकायची, त्याचा उल्लेख तर सांगलीच्या फोनवर कधी होणंच शक्य नव्हतं. आणि बुधवारी सुट्टी. ही सुट्टी सरावाची. प्रत्येकाने घरी वेगवेगळ्या अंगांवर हात ठेवून पाहायचे. चारुलता आडवी पडायची, क्रेमरबाई यायच्या. कधी अन्वी आईचा एक केस कागदाखाली ठेवायची आणि वर एकेक कागद वाढवत तो बोटांनी शोधत बसायची.

"बाबा, आज तू ये ना," ती सुरुवातीला म्हणायची.

"माझ्या अंगात काय शिकण्यासारखं आहे?" असं म्हणून तो लॅपटॉप घेऊन आत जायचा. शर्ट काढून मुलीपुढे पडायचं, हे कारण होतं, पण खरं नव्हतं. खरं हे की त्या खाटेवर पडलं की हेच तिचं शिक्षण आहे, हे मान्य करावं लागलं असतं. मग तिने विचारणं सोडलं.

आता दादा फ्रँकफर्टला एका परिषदेसाठी येत होता आणि उतरणार होता त्यांच्याकडे.

सोमवारी संध्याकाळी गुरुदत्तने अन्वीच्या दारावर टकटक केलं. "अन्वी, काका उद्या येतोय. तो कॉलेजचं विचारेल. फार खोलात जाऊ नकोस. मेडिकल म्हण. म्हणजे, तसंच आहे ना थोडंफार."

अन्वी मराठी सगळं समजायची, उत्तर मात्र जर्मनमध्ये द्यायची. तिने त्याच्याकडे पाहिलं. "गुट," म्हणजे बरं, एवढंच म्हणाली आणि पुस्तकात डोकं घातलं. तिने भांडायला हवं होतं, असं गुरुदत्तला जिन्यातून कचरा टाकायला जाताना वाटलं.

मंगळवारी रात्री जेवायला दादासाठी भरली वांगी होती. दादा प्रवासाने दमलेला, पण उत्साहात. पहिला घास घेतला आणि अन्वीकडे वळला.

"हं, डॉक्टरसाहेब. बाबाकडून ऐकतो दर रविवारी. आता तुझ्या तोंडून ऐकू दे. कसा असतो आठवडा?"

गुरुदत्तने पाण्याचा पेला उचलला. चारुलता वाढायची थांबली.

अन्वीने चमचा खाली ठेवला. "सोमवारी सकाळी लेक्चर असतात, काका," ती म्हणाली. मराठीत. "दुपारी डिसेक्शन. सहा जणांमध्ये एक बॉडी. आमच्या ग्रुपला एक आजोबा मिळालेत. गुरुवारी प्रॅक्टिकल आणि शुक्रवारी परीक्षा. पहिले पहिले फॉर्मालिनचा फार त्रास झाला. कितीही धुतलं तरी कपड्यांना वास राहतो. मग आई ते कपडे वेगळे धुते."

उच्चार थोडे आखडलेले, पण एक शब्द अडला नाही. गुरुदत्तने पेला तोंडाला लावला होता, तो तसाच राहिला. कपड्यांच्या वासाचं वाक्य त्याचं होतं. आई ते कपडे वेगळे धुते, हेही त्याचंच. आजोबांची बॉडीसुद्धा. दिवाळीच्या सुमारास कधीतरी, दादाला बरं वाटावं म्हणून त्याने ते पदरचं घातलं होतं.

"वा," दादा म्हणाला. "गुरू, पोरीने नाव काढलं बघ." आणि त्याने उठून अन्वीच्या डोक्यावर हात ठेवला. तिने मान खाली घातली. कौतुकाने लाजली, असं दादाला वाटलं असणार.

जेवणं झाल्यावर ती स्वयंपाकघरात ताटं विसळत होती. गुरुदत्त दाराशी उभा राहिला.

"तू फोन ऐकायचीस?"

"भिंती पातळ आहेत, बाबा." अजून मराठीच. "पहिल्या रविवारपासून."

"मग बोलली का नाहीस?"

तिने नळ बंद केला. "तू किती आनंदाने सांगायचास. माझ्याबद्दल तू असा कधीच बोलत नाहीस. मी दार थोडं उघडं ठेवायची." मग हात पुसत म्हणाली, "ती मुलगी चांगली आहे. फोनवरची. मला तिचा राग येत नाही. उद्या बुधवार आहे, मी क्रेमरबाईंकडे जाऊन सराव करीन. काकाला सांग, लायब्ररीत गेली."

ती आपल्या खोलीत गेली. गुरुदत्त तिथेच उभा राहिला. पकडलं गेल्याची लाज त्याला माहीत होती, लहानपणी दादाच्याच हातून दोन-चारदा सापडला होता. ही तशी नव्हती. मुलीने त्याला पकडलंच नव्हतं. तिने त्याला सांभाळून घेतलं होतं, तेही एखाद्या आजारी माणसाला घेतात तसं.

सकाळी दादाची परिषद उशिरा सुरू होणार होती. तो बैठकीत चहा घेत होता. चारुलता पोहे करत होती. गुरुदत्त घरातल्या चपला घालूनच खाली गेला आणि केलरमधून लीगे घेऊन वर आला. वळणावर ती दोनदा कठड्याला आपटली. त्याने ती बैठकीत, दादासमोर, पाय उघडून मांडली. मग स्वयंपाकघरात जाऊन खणातून वेळापत्रक काढलं, घडी सपाट केली आणि फ्रिजवर लावलं. चारुलताने गॅस बारीक केला.

"हे काय रे?" दादाने विचारलं.

"अन्वीची आहे. सरावाची." त्याला दादाकडे पाहवेना, म्हणून तो खाटेकडे पाहून बोलला. "दादा, ती डॉक्टर होणार नाहीये. इथे ऑस्टिओपॅथ डॉक्टर नसतात. ती हातांनी तपासायला शिकतेय. मी तुला सांगत होतो तो अमेरिकेतल्या कुठल्यातरी मुलाचा आठवडा होता."

दादाने कप खाली ठेवला. "वर्षभर?"

"वर्षभर."

"आणि काल ती बोलली ते?"

"माझ्यासाठी बोलली. मला लाज वाटत होती तिच्या शिकण्याची. तिला ते पहिल्यापासून माहीत होतं."

आतून बाहेर जायला निघालेली अन्वी दप्तर खांद्याला लावून दारातच थांबली होती. तिने खाट पाहिली, मग बापाकडे पाहिलं.

गुरुदत्तने शर्टाची बटणं सोडली. खालचा बनियनही काढला. सुटलेलं पोट, पांढरे झालेले छातीवरचे केस, सगळं थोरल्या भावासमोर उघडं. तो खाटेवर चढला, पालथा झाला आणि तोंड त्या भोकात ठेवलं.

"आज बुधवार ना," तो खालच्या फरशीला म्हणाला. "कर सराव."

मग न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ वाजला. तिचे पायमोजे त्याच्या डोळ्यांखाली येऊन थांबले, करड्या रंगाचे, अंगठ्याशी विरलेले. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दादा उठून गेला की जवळ येऊन बसला, त्याला दिसत नव्हतं.

दोन ऊबदार हात त्याच्या पाठीवर आले. त्यांनी दाबलं नाही, चोळलं नाही. नुसते राहिले.

"श्वास सोड, बाबा."

त्याने प्रयत्न केला. छातीत कुठेतरी अडला.

"घाई नाही," अन्वी म्हणाली. "मला दुपारपर्यंत वेळ आहे."

भोकातून एक थेंब खाली फरशीवर पडला, तिच्या पायाजवळ. मागोमाग दुसरा. अन्वीने मोज्यातला पाय थोडा पुढे सरकवला, ते पुसले, आणि हात होते तिथेच ठेवले.