मोटरीवरचा खोपा

शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा भानुदास बारामती एमआयडीसीतल्या दूध प्लँटच्या गेटबाहेर चहा पीत उभा होता. आधी गुलाबाची फुलं, मग जोडलेले हात आणि त्याखाली मजकूर. शाळेत निसर्ग सप्ताह होणार. विषय, ‘आपला परिसर, आपली जबाबदारी’. प्रत्येक मुलाने परिसरातली एक नैसर्गिक वस्तू प्रदर्शनात मांडायची. सर्वांत आकर्षक वस्तूला ट्रॉफी.

भानुदासाला चहाचा ठसकाच लागला. निसर्ग शिकवणार कोण, तर ही शाळा! बस वळवायला अडचण होते म्हणून हिने आवारातला कडुलिंब मुळासकट काढला आणि तिथं प्लास्टिकचं गवत अंथरून त्याला ‘नेचर कॉर्नर’ असं नाव दिलं. भिंतीवर पेंग्विन आणि जिराफ रंगवले. इंदापूर तालुक्यातल्या पोरांनी पेंग्विनची कसली जबाबदारी घ्यायची, ते त्या रंगाऱ्यालाच ठाऊक. दारात सशाच्या आकाराचा कचऱ्याचा डबा होता आणि त्या सशाच्या तोंडात दिवसभर वेफर्सची पाकिटं कोंबलेली असत.

नावं ठेवण्यात भानुदासाचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. भिगवणला रोहित पक्षी बघायला जाऊन मासळीच्या ताटाचे फोटो काढून येणाऱ्यांना बघून तो नाक मुरडायचा. बांधावरची झाडं तोडून अंगणातल्या कुंडीत बांबू लावणाऱ्या भावकीला तो तोंडावर हसायचा. आणि हे सगळं करायचा आपल्याला हक्क आहे, असं त्याला मनापासून वाटे. कारण आपल्या पोरीला त्याने शाळेच्या भरवशावर सोडलं नव्हतं.

त्याची पोरगी छकुली चौथीत होती. घरामागच्या उसात त्यांची विहीर होती आणि विहिरीवर वाकलेली जुनी बाभळ. दर पावसाळ्यात सुगरण पक्षी त्या बाभळीवर खोपे विणायचे. ड्यूटीवरून आला की भानुदास पोरीला घेऊन तिथं बसायचा. अगदी पहिल्या दिवशी त्याने बाभळीपासून पाच हात मोजले आणि तिथं एक दगड ठेवला.

“ह्याच्या फुडं पाऊल टाकायचं न्हाय,” तो म्हणाला. “हात लावायचा न्हाय, खडा मारायचा न्हाय, मोठ्यानं बोलायचं न्हाय. बघायचं असतंय, घ्यायचं नसतंय. ह्यो त्यांचा गाव हाय, आपण पाव्हणं.”

छकुलीने ते असं काही मनावर घेतलं की तिची चप्पल दगडापलीकडे उडाली तरी ती आधी बापाकडे बघायची. दगडाच्या अलीकडून तिने सगळं बघितलं. नर उसाच्या पानाची कड चोचीत धरतो आणि उडत उडत तिचा लांब दोरा ओढून नेतो. अर्धा खोपा झाला की त्याला लोंबकळून पंख फडफडवतो, मादीला बोलावतो. मादी येते, आत शिरते, इकडून तिकडून ओढून बघते. पसंत पडला तर पुढचं काम होतं. नाही पडला तर तो खोपा तसाच राहतो आणि बिचारा शेजारी दुसरा विणायला घेतो. छकुलीने एकेका खोप्याला नाव दिलं होतं. बांधाकडचा, जोडीचा, आणि सगळ्यांत लांब नळीचा, सगळ्यांत देखणा, तो पाण्याच्या मोटरीवर लोंबणारा म्हणून मोटरीवरचा.

प्रदर्शनाला काय न्यायचं ते तिने कधीच ठरवून टाकलं होतं. वाऱ्याने पडलेला एक अर्धा खोपा तिला दगडाच्या अलीकडे सापडला होता.

“ह्यो मादीला पसंत पडला न्हाय,” ती म्हणाली. “का पडला न्हाय, त्ये मी समद्यांना सांगणार. हितं बघा पप्पा, दोरा कसा सैल हाय.”

भानुदासाची छाती फुगली. आख्ख्या शाळेत असं पोरगं दुसरं नाही, आणि असा बापही नाही, असं त्याला वाटलं.

शुक्रवारी संध्याकाळी पालकांनी हॉलमध्ये वस्तू मांडून जायच्या होत्या. प्रदर्शन पोरांचं आणि मांडणी पालकांची, इथंच भानुदासाला अर्धी करमणूक झाली. एका टेबलावर दुकानातून आणलेले शंख-शिंपले होते, जणू काही इंदापूरला समुद्र लागूनच आहे. एकाने थर्माकोलचा डोंगर केला होता आणि त्यातून निळ्या रंगाची नदी काढली होती. नीरा नदी जन्मात कधी एवढी निळी झाली नसेल. एका बाईंनी तर काश्मीरची सफरचंदं मांडली होती आणि एकेक पुसून चकचकीत करत होत्या.

मधोमध माऊली उभा होता. माऊलीचे दोन जेसीबी होते, म्हणून त्याला सगळे माऊलीशेठ म्हणत. त्याने आपल्या सिद्धूसाठी ओढ्याकाठच्या बाभळीची एक आख्खी फांदीच आणली होती, खोप्यांसकट. फांदी उंच होती, तेव्हा जेसीबीच्या बकेटमध्ये माणूस उभा करून तोडली, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत होता. फांदीवर लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ सोडली होती. मागे स्पीकर लपवला होता, त्यातून किलबिल चालली होती. वर पाटी होती, ‘पक्षी वाचवा’.

“आवाज मोबाइलवरनं घेतलाय,” माऊली म्हणाला. “पक्षी अमेरिकेचं हायती, पर हितं कुणाला कळतंय!”

भानुदासाने कपाळाला हात लावला. तेवढ्यात प्राचार्या मॅडम त्याच्या टेबलाशी आल्या. त्यांनी छकुलीचा अर्धा खोपा दोन बोटांत धरून उचलला.

“हे पूर्ण नाही का मिळालं? तुटल्यासारखं वाटतंय. उद्या पाहुणे येणार आहेत हो, जरा प्रेझेंटेबल काहीतरी आणा ना.”

“भानुदासराव,” माऊलीने तिकडून हाक मारली, “इहीर तुमची, बाभळ तुमची, आन् पोरीच्या हातात ही फुटकी टोपली? सांगितलं असतं तर आमच्यातला एखादा दिला असता की!”

हॉल हसला. सफरचंदवाल्या बाईसुद्धा हसल्या. भानुदासाच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्याला एक शब्द सुचला नाही, आणि शब्द न सुचणं ही गोष्ट त्याला नवी होती.

घरी येताना मोटरसायकलवर मात्र त्याला भराभर सुचत गेलं. माऊलीला त्याने मनातल्या मनात दहादा धुऊन काढला. मग कॅनॉलचा पूल ओलांडताना विचारांनी हळूच वळण घेतलं. या अडाण्यांना अर्धा खोपा काय कळणार? यांना पुराच दाखवला पाहिजे. एकदा मोटरीवरचा बघितला की सगळ्यांची तोंडं बंद होतील. आपण काय माऊलीसारखी फांदी तोडणार आहोत? एकच तर घ्यायचा. आणि आता कुठली पिल्लं राहिलीत, कधीच उडाली असतील. दुसऱ्यांची सोंगं लांबून ओळखणारा हा माणूस, स्वतःच्या सोंगाला त्याने रस्त्यात एकदाही अडवलं नाही.

शनिवारी सकाळी छकुली उठायच्या आत तो कोयता आणि आकडी घेऊन निघाला. शेळ्यांना बाभळीचा पाला पाडायची ती लांब काठी. बायको निकिता अंगण झाडत होती.

“एवढ्या सकाळी कुटं निघालाव?”

“शेळ्यांना पाला आणतो.”

दगड त्याने ओलांडला तो खाली न बघताच. आकडीने फांदी ओढून घेतली आणि मोटरीवरचा खोपा देठाशी कापला. हातात आला तेव्हा जड लागला. सुगरण खोप्यात ओल्या मातीचे गोळे चिकटवते, हे त्याला माहीत होतं. मातीच असणार, त्याने ठरवलं. खोपा कानाशी धरून बघता आलं असतं, पण त्याने बघितलं नाही. डोक्यावर एक मादी ओरडत घिरट्या घालत होती. त्याने खोपा खोक्यात ठेवला आणि मोटरसायकलला किक मारली.

हॉलमध्ये त्याने अर्धा खोपा टेबलाखाली सरकवला आणि मोटरीवरचा वर मांडला. मॅडम म्हणाल्या, “हं, आता कसं!” माऊलीचा चेहरा बघण्यासारखा झाला. भानुदासाने तो पोटभर बघून घेतला.

शाळेच्या बसने छकुली आली. टेबलाशी येऊन थबकली.

“पप्पा, ह्यो मोटरीवरचा हाय.”

“खाली पडला व्हता,” भानुदास म्हणाला.

तिने वाकून देठ बघितला. ताजा, हिरवा, तिरका काप होता. कोयत्याचा काप शेतकऱ्याच्या पोरीला ओळखू येतो. टेबलाखालून तिने आपला अर्धा खोपा काढला. कुणाच्या तरी बुटाखाली तो चेपला होता. तो पोटाशी धरून ती उभी राहिली.

पाहुणे आले. कुठल्याशा ट्रस्टचे अध्यक्ष होते. प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ घेऊन त्यांनी निसर्गावर लांबलचक भाषण केलं. मग सगळा लवाजमा टेबलाटेबलावरून फिरत भानुदासापाशी आला. सांगायचं छकुलीने होतं, पण ती तोंड उघडेना, तेव्हा भानुदासच सुरू झाला. नर कसा विणतो, मादी कशी पारखते, उसाच्या पानाचा दोरा कसा निघतो, सगळं त्याने रंगवून सांगितलं. हे त्याला कळलं होतं पोरीच्या शेजारी बसून, आणि आता तो तिच्या शेजारी उभा राहून ते विकत होता. पाहुणे माना डोलवत होते. मॅडमनी ट्रॉफीसाठी खूण केली.

आणि खोपा चिवचिवला.

“वा!” पाहुणे म्हणाले. “आवाजाचीपण सोय केलीय! किती नॅचरल!”

टाळ्या पडल्या. आपल्या स्पीकरचं श्रेय भानुदास लाटतोय असं वाटून माऊली तरातरा गेला आणि त्याने स्पीकर बंद केला. आवाज थांबला नाही. उलट आता जास्त स्पष्ट ऐकू यायला लागला, बारीक आणि घाईघाईचा.

“ब्लूटूथचा हाय का वो?” माऊलीने खोप्यात डोकावत विचारलं.

भानुदासाने तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं, आत पिल्लं आहेत म्हणून. कुणीतरी त्याच्या एका हातात ट्रॉफी दिली आणि दुसऱ्यात खोपा. फोटोवाला म्हणाला, हसा. तो हसला.

“त्यांना भुका लागल्यात,” छकुली म्हणाली. हॉलमध्ये ते कुणी ऐकलं नाही. बापाने ऐकलं.

तो तिला घेऊन तसाच निघाला. ट्रॉफी टेबलावरच राहिली. मोटरसायकलवर छकुलीने खोपा आपल्या मांडीवर घेतला आणि त्याने हात पुढे केला तेव्हा अंग चोरून तो लांब धरला. विहिरीवर त्याने तारेने खोपा पुन्हा फांदीला बांधला. पक्षी पानाने जे करतो ते त्याला तारेने जमेना. खोपा वाकडा लोंबत राहिला. मादी आली, शेजारच्या फांदीवर बसली, दोनदा जवळ जाऊन मागे फिरली, पण आत शिरली नाही. संध्याकाळपर्यंत आतला आवाज कमी कमी होत गेला आणि दिवस मावळायच्या आधी थांबला.

ग्रुपवर एव्हाना फोटो पडला होता. ‘पक्षीप्रेमी पालक’, खाली अंगठ्यांची रांग. पाठोपाठ एका अनोळखी माणसाचा फोन आला.

“मॅडमनी नंबर दिला. आमच्या पोराच्या शाळंत बी फुडल्या आठवड्यात तसंच हाय. एखादा खोपा मिळंल का? शक्यतो आवाजवाला.”

एरवी अशा माणसाला भानुदासाने सोलून काढला असता. आज त्याने नुसता फोन ठेवला. त्या माणसाला काय नाव ठेवावं, ते त्याला माहीत होतं, पण ते आता त्याचं स्वतःचंच होतं.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आल्यावर तो विहिरीवर गेला. छकुली दगडाजवळ एकटीच बसली होती, मांडीवर चेपलेला अर्धा खोपा घेऊन. बाभळीवरचे बाकीचे पक्षी आपापल्या कामाला लागले होते. तो रोजच्यासारखा तिच्या शेजारी बसायला वाकला.

ती उठली. बाजूचा एक दगड उचलून तिने आपल्या जागेपासून घराच्या दिशेने हात टाकत पाच हात मोजले आणि दगड ठेवला. मग थांबून तिने आपल्या हाताकडे बघितलं.

“माजं हात बारकं हायत,” ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी ढकलत तिने दगड आणखी मागे नेला, पार उसाच्या कडेला.

“तुमी हितनं बघा, पप्पा,” ती म्हणाली, आणि परत जाऊन त्याच्याकडे पाठ करून बसली.